पेन्शनरांची दापोली

दापोलीच्या थंड हवेचं कौतुक सगळेच करतात, तिच्या जुन्या नावाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कॅम्प दापोली. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनं दक्षिण कोकणासाठी इथं लष्करी ठाणं बसवलं. पुढे नियमित पलटणी हलल्या, तरी वयस्क शिपायांची एक पलटण काही वर्षं इथं राहिली. तीही गेली. मागे उरले ते पेन्शनर, आणि त्यांतले बरेचसे महार.

महार शिपाई मुंबई इलाख्याच्या फौजेत फार आधीपासून होते. जुन्या पलटणींच्या याद्यांत त्यांची नावं लगेच ओळखू येतात, कारण ती 'नाक'नं संपतात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला भीमेकाठी उभारलेल्या स्तंभावरही अशी बावीस नावं कोरलेली आहेत. त्या लढाईत कोण जिंकलं यावर आजही हिरिरीनं वाद होतात; स्तंभावरची नावं मात्र कुणाला खोडता येत नाहीत.

पलटणीनं या माणसांना पगाराखेरीज आणखी काय दिलं, ते समजायला गावातलं त्यांचं जिणं आठवावं लागतं. गावी मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल पोचवायचं आणि पाणवठ्यापासून लांब उभं राहायचं. पलटणीत त्याच माणसाला हुद्दा होता, गणवेश होता, आणि लढाई मारली तर छातीवर पदक होतं. शिवाय शाळा होती. शिपायांच्या मुलांनाच नव्हे, मुलींनाही शिकवण्याची सक्ती होती. एकोणिसाव्या शतकात हे भाग्य किती घरांना लाभलं असेल? मंडणगडजवळच्या आंबडव्याचे रामजी सकपाळ अशाच वातावरणात वाढले, सुभेदार झाले आणि चौदा वर्षं लष्करी शाळेचे हेडमास्तर होते.

नोकरी संपली की अडचण सुरू व्हायची. वीस-पंचवीस वर्षं सुभेदार किंवा हवालदार म्हणवून घेतलेल्या माणसानं महारवाड्यात परतून पुन्हा जोहार घालायचा? त्यापेक्षा जोडीदारांच्या शेजारी घर केलेलं बरं. दापोलीची वस्ती अशी झाली असावी. तिथं शेजारीही पलटणीतलाच, त्यामुळे हुद्द्यानं हाक मारणारं कुणीतरी रोज भेटायचं. रामजी महूहून निवृत्त झाल्यावर १८९४ च्या सुमारास कुटुंबासह इथंच आले. बरोबर धाकटा भीमराव होता. रामजी कबीरपंथी. घरात भजनं असत आणि मुलांच्या अभ्यासावर करडी नजर. पुढे नोकरीसाठी ते साताऱ्याला गेले.

त्यांच्या आधी, १८८६ मध्ये, गोपाळबाबा वलंगकर नावाचे पेन्शनर दापोलीत स्थायिक झाले होते. मूळचे महाडजवळच्या रावढळचे. फुल्यांच्या विचारानं भारलेल्या या माणसानं बंदूक ठेवली आणि लेखणी उचलली. 'दीनबंधू'त आणि 'सुधारका'त ते लिहू लागले. १८८८ मध्ये त्यांचं 'विटाळ विध्वंसन' निघालं. अस्पृश्यता कुठल्या शास्त्रातून आली, हे सवर्णांना एकामागून एक प्रश्न टाकत विचारणारं हे पुस्तक. दापोलीत त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर सवर्ण सभासदांनी बहिष्कार घातला. पलटणीत ज्याच्या खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहिली, त्याच्यासोबत बोर्डाच्या बैठकीत बसायला कुणी तयार नव्हतं.

दरम्यान सरकारचीही नियत फिरली होती. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींना उत्तरेकडच्या 'लढवय्या' जाती हव्या होत्या. त्या चाळणीतून १८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली.

आणि इथून त्या जुन्या शिपायांच्या आठवणींना वेगळं वळण लागलं. म्हाताऱ्या फौजींच्या गप्पा सहसा ओट्यावर सुरू होतात नि ओट्यावरच विरतात. या माणसांच्या आठवणी आज सापडतात त्या अर्जांत. १८९४ मध्ये वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून लष्करासाठी विनंतीअर्ज तयार केला. आम्ही मूळचे क्षत्रिय, आमच्या वाडवडिलांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, असा त्याचा सूर. रामजी सुभेदारांनीही याच कामासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. पुढच्या पिढीत पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. कांबळे स्वतः फौजी नव्हते, मॅसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. पण एव्हाना पलटणीची आठवण ही एकट्या पेन्शनरांची राहिली नव्हती.

सरकारला ती आठवण गरजेपुरतीच झाली. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही.

१९ मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बोलायला उभे राहिले ते रामजी सुभेदारांचे चिरंजीव. चवदार तळ्याच्या पाण्याचा विषय निघण्याआधी डॉ. आंबेडकर लहानपणच्या कोकणाबद्दल बोलले. लष्करी नोकरीमुळे इथले अस्पृश्य एके काळी किती पुढे होते आणि भरती बंद झाल्यावर ती कळा कशी उतरली, हे त्यांनी समोरच्यांना सांगितलं. ऐकणाऱ्यांत पेन्शनर आणि त्यांची मुलं-नातवंडं होती. दुसऱ्या दिवशी मंडळी तळ्याकडे निघाली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांच्या संघटनेचं नावही बघण्यासारखं आहे: समता सैनिक दल.

बंद दरवाजा कायमचा उघडला तो दुसऱ्या महायुद्धात. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पाठोपाठ कामठीला दुसरी. टोपीवरचा बिल्ला कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्यानं आखला. त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि त्याखाली 'महार' हा शब्द. पुढे त्या स्तंभाची जागा खंजिरानं घेतली.