नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांतील बोली

1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निघाला आणि मराठी पडद्याला वाचा फुटली. ती वाचा रंगभूमीवरून आलेली होती. पुढे पडद्यावर बोली आली खरी. परंतु बहुधा विनोदापुरती वा तमाशाच्या फडापुरती. नागराज मंजुळे या दिग्दर्शक-पटकथाकाराच्या कारकीर्दीचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे, वडार समाजातील. मराठी विषयाचे उच्च शिक्षण त्यांनी पुणे विद्यापीठात घेतले. ‘पिस्तुल्या’ या लघुपटास पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘फँड्री’ (2013) हे नावच भाषाभ्यासकास थांबविणारे आहे. कैकाडी बोलीत त्याचा अर्थ डुक्कर. तेलुगूतील ‘पंदि’ व कन्नडमधील ‘हंदि’ ही त्याची भावंडे होत. कारण मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या वावरलेली ही बोली कुळाने द्राविडी आहे. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना अपरिचित असा शब्द शीर्षकस्थानी ठेवण्याचे धाडस मराठीत विरळाच. शिवाय घरात जो केवळ एका जनावराचा वाचक, तोच शब्द गावाच्या तोंडी जब्याला डिवचण्याचे साधन होतो. अर्थापकर्षाचे इतके बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडावे.

‘सैराट’ने (2016) करमाळ्याकडील बोली नायिकेच्या मुखी घातली. पाटलाची आर्ची ती बोली अधिकाराने बोलते, आणि प्रमाणभाषेत वाढलेल्या शहरी प्रेक्षकांनी तिची वाक्ये हौसेने उचलली. मात्र हैदराबादेस पळून गेल्यावर भोवतीची भाषा परकी होते व त्या बोलण्यातला दरारा ओसरतो. अखेरच्या प्रसंगात तर ध्वनीच नाही. 2018 साली ‘धडक’ या हिंदी आवृत्तीने कथा उदयपुरास नेली. पाणी मात्र करमाळ्यातच राहिले.

‘झुंड’ (2022) हा त्यांचा हिंदी चित्रपट नागपुरात घडतो. झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविणारे नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. येथे बोलीचा प्रश्न निराळा होता. 1956 पर्यंत नागपूर ही द्विभाषिक मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीपासून कामठीपर्यंत आजही मराठीच्या संसर्गाने घडलेली हिंदी कानी पडते. मंजुळे यांनी मुलांच्या भूमिकांसाठी स्थानिक मुलेच निवडली. त्यांच्या त्या हिंदीपुढे अमिताभ बच्चन यांची घोटीव हिंदी काहीशी पाहुणी वाटते.