वेदीच्या जागी तलाव

चर्चमध्ये पोहण्याचा तलाव केला, हे मी प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला आनंदच झाला. माझी आजी रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दूर उभी राहायची. वरच्या आळीतले कोणी दया येऊन पाणी ओतील तेव्हा ते घरी यायचे. ज्यांचे आत्मभान चवदार तळ्याच्या काठी जागे झाले, त्यांना देवाच्या जागी सर्वांसाठी पाणी ही कल्पना मोहात पाडणारच. पण इतिहास शिकवणाऱ्याने पहिल्या आनंदावर थांबू नये.

हे चर्च सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हस्की प्रॉस्पेक्ट या राजरस्त्यावर आहे. संत पीटरच्या नावाचे, ल्युथरपंथी जर्मनांचे. अलेक्झांडर ब्र्युलोव या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १८३३ ते १८३८ या काळात ते उभे राहिले. व्यापारी, डॉक्टर, अधिकारी, कारागीर तेथे प्रार्थनेला येत. त्या वेळी रशियात भूदासप्रथा होती. ती कायद्याने संपली १८६१ साली. तेव्हा हे चर्च म्हणजे उपेक्षितांचे आश्रयस्थान होते, असा भाबडा समज नको.

१९३७च्या अखेरीस सोव्हिएत सत्तेने ते बंद केले. तेथील पाळक पॉल राइशर्ट आणि त्यांचा पाळक मुलगा ब्रुनो यांना अटक झाली व जानेवारी १९३८ मध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. वास्तूचे गोदाम झाले. पुढे १९५८ ते १९६२ या काळात सभामंडपात काँक्रीटची टाकी बांधली गेली. वेदी होती तेथे उड्या मारण्याचा मनोरा आला, बाजूंना प्रेक्षकांसाठी पायऱ्या. लेनिनग्रादची मुले तेथे पोहायला शिकली. त्या मुलांचा काहीच दोष नव्हता.

मग ज्यांचे चर्च होते ती माणसे कोठे होती? २८ ऑगस्ट १९४१च्या हुकुमाने व्होल्गाकाठचे जर्मन शत्रूचे हस्तक ठरवून हद्दपार झाले. लेनिनग्रादच्या जर्मनांनाही सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकलले गेले. सरसकट देशद्रोहाचा आरोप मागे घेतला गेला १९६४ साली. हवे तेथे राहण्यावरची बंदी उठली १९७२ साली. म्हणजे तलाव भरला तेव्हा ते लोक आपल्या शहरात परतूही शकत नव्हते. जन्मावरून अख्ख्या समूहाला गुन्हेगार ठरवणे, हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला हवे काय?

१९३७ हेच साल आपल्याही इतिहासात आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. २० मार्च १९२७ रोजी महाडला माणसे स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेली होती. त्यांनी कोणाला हुसकावले नाही. पाणी आपलेही आहे, एवढेच सांगितले. लेनिनग्रादला पाणी आले ते सत्तेच्या हुकुमाने, रिकाम्या केलेल्या जागेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा त्यांचा वाद साध्याशी नव्हता, साधनांशी होता. त्याआधी महिनाभर, नागपूरला, एकही वास्तू बदलली नव्हती. लाखो माणसे बदलली होती. वास्तूचे रूपांतर म्हणजे माणसाचे धर्मांतर नव्हे.

सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर चर्च परत मिळाले. १९९७ मध्ये तेथे पुन्हा विधिपूर्वक उपासना सुरू झाली. मात्र टाकी फोडली तर इमारतच धोक्यात येईल, म्हणून तिच्यावर नवी जमीन घातली. आज वर प्रार्थना, खाली कोरडी टाकी.

१९४९च्या कायद्याने बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या समितीत निम्मे सदस्य हिंदू ठेवले. त्या विहाराचा पूर्ण अधिकार मागणाऱ्या आपल्याला परक्याच्या उपासनास्थानावर चालवलेली जबरदस्तीही टोचली पाहिजे. ती टोचणार नसेल, तर आपली मागणी न्यायाची नाही, नुसती ताब्याची ठरेल.