परकोटाच्या आत कोण?

अमेरिकेतील वसाहतकालीन सरहद्दीवरच्या गढ्या बाहेरून आलेल्यांच्या आश्रयासाठी होत्या. मूळ रहिवासी तटाबाहेर. चांद्याची गोष्ट नेमकी उलट्या बाजूने सुरू होते. इरई-झरपटच्या काठचा हा परकोट गोंड राजांनीच उभारला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा ही त्याची चार दारे. दारांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते शिल्प बळाचे खरे, पण मला त्यात थोडी धास्तीही दिसते.

१७५१ मध्ये भोसल्यांनी चांदा घेतले आणि राजा नीळकंठशहा बल्लारपूरला, म्हणजे पूर्वजांच्याच किल्ल्यात, कैदी झाला. आश्रयाचा तुरुंग होण्याची ही पहिली खेप. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तट फोडला.

चाळीस वर्षांनी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांनी आसरा घेतला तो रानाचा. तटाशी त्यांची गाठ पडली ती अखेरीस, बंदी म्हणून. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी परकोटाच्या आतल्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. तुरुंगाच्या आवारातल्या ज्या पिंपळाशी ती आठवण जोडली गेली आहे, तेथे दरवर्षी त्या तारखेला लोक अभिवादनाला येतात. राजांच्या परकोटात, तुरुंगाचे दार ओलांडून.