ऊन लागणे

ऊन लागणे : शरीरात साठणारी उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा अपुरी पडल्याने होणारा विकार. विदर्भात यालाच ‘लू लागणे’ असेही म्हणतात. साध्या भोवळीपासून प्राणघातक उष्माघातापर्यंतच्या सर्व अवस्था या नावात येतात. विदर्भातले याचे एक उदाहरण म्हणजे नागपूर जिल्ह्यातील मौदा हे कन्हानकाठचे तालुक्याचे गाव. धानाची शेती आणि २,३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे या परिसरात अंगमेहनतीची कामे पुष्कळ आहेत. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, म्हणून उन्हात राबणाऱ्यांना ऊन लागण्याचा धोका असतो.

शरीरातील घडामोडी : शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या जवळपास राखण्याचे काम मेंदूतील अधश्चेतक हा भाग करतो. उष्णता वाढली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. हवा त्वचेपेक्षा तापली म्हणजे घाम वाळणे हाच उष्णता घालवण्याचा मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यातील कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी किती गेले हे कळत नाही. जूनमध्ये धानाचे पऱ्हे टाकण्याच्या सुमारास हवा दमट होते. तेव्हा घाम नुसताच निथळतो, अंग निवत नाही. म्हणून पारा उतरला तरी धोका टळत नाही.

लक्षणे : पाणी व मीठ कमी झाल्याने पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी गडद व थोडी होते, डोके दुखते, मळमळते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. आतले तापमान ४० अंशांपुढे जाऊन बोलणे असंबद्ध होणे, झोकांड्या जाणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे हा उष्माघात होय. यात त्वचा कोरडीच असते असे नाही. श्रम करणाऱ्याला भरपूर घामही असू शकतो.

तापाहून वेगळेपण : जंतुसंसर्गाच्या तापात अधश्चेतक स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो, पॅरासिटॅमॉल ती खाली आणते. उष्माघातात ती पातळी बदललेली नसते, उष्णतेचा निचराच खुंटलेला असतो. त्यामुळे येथे तापाची गोळी निरुपयोगी ठरते.

उपाय : रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतत वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. शुद्धीत नसलेल्याला तोंडाने पाणी पाजू नये.

प्रतिबंध : कष्टाची कामे सकाळी उरकणे, डोक्या-कानांना दुपट्टा बांधणे, मठ्ठा, मीठ घातलेले कैरीचे पन्हे किंवा ओआरएस घेणे उपयोगी पडते. खिशातल्या कांद्याने ऊन टळत नाही. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नये. वृद्ध, तान्ही मुले, हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण यांना विशेष जपावे. भान सुटू लागलेल्याला स्वतःची अवस्था उमगत नाही, म्हणून उन्हात एकट्याने काम करू नये. सोबत्याने अधूनमधून हाक मारून उत्तर नीट येते का ते पाहावे.