मांजरांच्या घरात कुत्रा

आमच्या घरात मांजरं किती पिढ्यांची आहेत, ते मला सांगता येणार नाही. जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत घर तिथं मांजर असायचंच. धान्याची कोठी, वर माळा, माळ्यावर उंदीर आणि उंदरांमागं मांजर, असा सरळ हिशोब होता. कुत्रा मात्र आमच्या घरात कधी नव्हता. गल्लीत होते, ओट्याखाली झोपत, उरलीसुरली भाकरी खात. पण उंबऱ्याच्या आत कुणी येत नसे. म्हणून चार वर्षांपूर्वी ऐन पावसात माझी मुलगी ओढणीत गुंडाळून एक भिजलेलं पिल्लू घेऊन आली, तेव्हा घरात जे झालं त्याला मी नुसतं कुत्र्या-मांजराचं भांडण म्हणणार नाही. सोनी मांजर कपाटावर चढून बसली. काळ्या बोक्यानं पाठीची कमान केली. आणि माझ्या आईनं, आमच्या अम्मीनं, आपला जानमाज उचलला, ती खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. हे वैर नेमकं कुणाचं, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

बी.ए.च्या वर्गात आमच्या गुरुजींनी पाणिनीचा एक नियम शिकवला होता. ज्यांचं वैर कायमचं आहे, अशा जोड्यांचा समास एकवचनी होतो. उदाहरणं नेहमीची, साप-मुंगूस, मांजर-उंदीर. पतंजलीनं मात्र या नियमाच्या चर्चेत श्रमण आणि ब्राह्मण ही जोडीही घेतली आहे. माणसांना त्यानं थेट सापा-मुंगसाच्या पंगतीला बसवलं! आणि इथं, आमच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरव करते आणि तेच लेणं बौद्ध भिक्षूंना दान देते. कायमचं वैर व्याकरणात जितकं पक्कं असतं, तितकं डोंगरात नसतं. कुत्रा-मांजर ही जोडी गुरुजींनी दिल्याचं मला आठवत नाही.

दोघांचा इतिहास बघितला तर ते माणसाच्या घरी एका दारानं आलेच नाहीत. कुत्रा आला तेव्हा माणसाला घरच नव्हतं. किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी, शिकारीच्या काळात, तो माणसाच्या टोळीत सामील झाला. मांजर फार नंतरचं. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांसाठी मांजर आलं. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे कुत्रा माणसासाठी आला आणि मांजर कोठीसाठी. म्हणून असेल, पण मांजराला आपण घराच्या मालकीचे आहोत असं वाटतच नाही. घर आपल्या मालकीचं आहे असं वाटतं.

दोघांची गाठ पडली की काय होत असे, याचा एक पुरावा सिंधमध्ये मिळाला. चन्हुदडो इथं १९३५-३६ साली मॅके यांनी उत्खनन केलं. तिथल्या एका विटेवर मांजराच्या पंजाचे ठसे आहेत आणि त्यांच्यामागून आलेल्या कुत्र्याच्या पंजाचेही. वीट ओली असताना हा पाठलाग झाला, मग वीट भाजली गेली, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती धावपळ आपल्यासाठी राहिली. मांजर निसटलं का, ते त्या विटेवर नाही. मला वाटतं निसटलं असावं.

आपल्या जवळचा पुरावा प्रवरेकाठच्या दायमाबादचा. १९७४ साली तिथं काशाच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला एक रथ. रथात माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर कुत्रा. अभ्यासक या मूर्ती साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. मांजर त्यांत नाही. बरोबरच आहे. कुत्रा स्वारीत असतो, मांजर घरी असतं.

पुढेही हेच. खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आणि ते चार वेद मानले जातात. खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही गोष्ट मला माझ्या हिंदू मित्राच्या आईनं सांगितली होती. सातारच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. वाघाच्या तोंडून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. मान मोठा, पण जागा बाहेरची. आपल्या म्हणी बघा. शिंकं तुटतं तेव्हा बोका आधीच घरात असतो. डोळे मिटून दूध पिणारं मांजर स्वयंपाकघरातच बसलेलं असतं. कुत्रा आत आला की तो चोरच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. परटाचा कुत्रा तर घरचा ना घाटचा. शिंकं ही वस्तूसुद्धा मांजर घरात राहणार हे गृहीत धरूनच टांगलेली. कुत्र्यासाठी आपण उंबरा ठेवला.

आमच्याकडे हा उंबरा अधिकच उंच. मांजराबद्दल पैगंबरांचं सांगणं असं, की ती तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकीच आहे, तिच्या तोंड लावण्यानं पाणी नापाक होत नाही. त्यांच्या एका प्रसिद्ध सोबत्याचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप! कुत्र्याचं तसं नाही. त्याची लाळ हनफी मतानं नापाक. शाफई मत याहून कडक, आपले बरेचसे कोकणी मुसलमान त्या मताचे. मालिकी मत मात्र जिवंत कुत्र्याला पाकच मानतं. म्हणजे एकाच धर्मात हा उंबरा तीन ठिकाणी आहे. शिवाय तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला माफी मिळाली आणि मांजर कोंडून उपाशी मारणारी बाई नरकात गेली, या दोन्ही हदीस अम्मीनंच मला लहानपणी सांगितलेल्या. मी तिला त्यांची आठवण करून दिली. ती म्हणाली, पाणी पाज की, मी कुठं नाही म्हणते? विहिरीतून घरात कशाला आणतोस?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मुलीनं काढलं. तिनं पिल्लाचं नाव कितमीर ठेवलं. कुराणातल्या 'कहफ' या सूरेत गुहेत झोपलेल्या श्रद्धावानांची कथा आहे. त्यांच्याबरोबर कुत्राही होता आणि तो गुहेच्या तोंडाशी पंजे पसरून होता. त्याचं नाव कुराणात नाही. परंपरेनं ते कितमीर. दूर जाणारं पत्र सुखरूप पोहोचावं म्हणून पूर्वी पाकिटावर हे नाव लिहीत. अम्मीचे वडीलही लिहीत असत. नाव ऐकल्यावर अम्मी दार उघडून बाहेर आली, पिल्लाकडे बघितलं आणि म्हणाली, नाव ठेवलंय तर आता हाकलायचं कसं? पण माझ्या खोलीत नाही. आणि जानमाजजवळ तर नाहीच.

अशी सीमारेषा मुंबईत १८३२ साली फार वेगळ्या रीतीनं आखली गेली होती. उन्हाळ्यात बेवारशी कुत्रे मारण्याची सरकारी मोहीम असे, कुत्र्यामागं आठ आणे मिळत. त्या वर्षी मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. पारशांच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याची नजर दाखवतात, 'सगदीद' म्हणतात त्याला. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, कुत्रे मारणाऱ्यांवर लोक धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, कुलाब्याच्या फौजेचं दाणापाणी अडलं. पारशांबरोबर हिंदू आणि जैनही होते. पुढं १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजत होतं, तेव्हा मला ते आठ आणे राहून राहून आठवत होते.

आमच्या घरातलं प्रकरण मिटायला दोन महिने लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते सोपं होतं, पण धीर मागणारं. पिल्लू एका खोलीत, मांजरं दुसरीकडे. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं मांजरांजवळ, मांजरांचं पिल्लाजवळ. बंद दाराच्या अलीकडे-पलीकडे एकाच वेळी दोघांना खायला, म्हणजे वासाबरोबर पोट भरल्याची आठवण जोडली जाते. मग दार किलकिलं, पिल्लाच्या गळ्यात दोरी. मांजराला उंच जागा मोकळी ठेवायची आणि पाठलाग एकदाही होऊ द्यायचा नाही. एकदा पळवायची चटक लागली की कुत्रा ती सोडत नाही.

खरी अडचण भाषेची. कुत्रा शेपूट हलवतो ते बहुधा आनंदानं. मांजर शेपटी फटकारतं ते चिडून. बिचारं पिल्लू शेपूट हलवत पुढं जाई आणि सोनीला ते आव्हान वाटे. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दोघंही पाळणाऱ्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांजर आधी आलेलं असेल आणि दोघंही लहान वयात भेटले असतील तर जमतं, आणि ते एकमेकांची ही उलटी भाषाही शिकतात, असं त्यांना आढळलं. आमच्याकडे मांजरं आधीची होती, पण लहान नव्हती. सोनीचं जमलं. काळ्याचं नाही. दोन महिन्यांनी तो समोरच्या घराच्या कौलांवर राहायला गेला, तो गेलाच. तिथं त्याला वेळेवर दूध मिळतं. अम्मी रोज खिडकीतून त्याला हाक मारायची, तो मान वळवून बघायचा आणि परत अंग चाटत बसायचा. त्याबद्दल ती मला शेवटपर्यंत बोल लावत होती, आणि त्यात चूक काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अम्मी गेली. तिची खोली आता उघडीच असते, कुणी कुणाला अडवत नाही. कितमीर उंबऱ्यापर्यंत येतो, पंजे पसरून बसतो, आत पाऊल टाकत नाही. सोनी त्याच्या पाठीवरून उडी मारून आत जाते, अम्मीच्या पलंगावर लोळते, बाहेर येते आणि जाताजाता त्याच्या ताटलीतलं दूध पिऊन टाकते. तो बघत राहतो.