मागची तारीख

कागदावर तारीख घालणे हे लेखनिकाचे काम, अशी आपल्याकडील कचेऱ्यांची जुनी समजूत आहे. मजकूर साहेबांचा, सही साहेबांची, तारीख मात्र लेखनिकाची. इतिहासाच्या अभ्यासकांस ही समजूत मान्य होण्यासारखी नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पूर्वजांचे मोडी कागद अद्याप जपलेले आहेत, त्यांना ठाऊक असेल की जुन्या पत्रांत लिहिल्याची मिती तर असतेच, पण दप्तरात दाखल झालेल्या पुष्कळ पत्रांवर ‘पै॥’ अशी खूण करून ते पोहोचल्याची, म्हणजे पैवस्तीची, मितीही टिपलेली आढळते. पहिली मिती पाठविणाऱ्याच्या हातची, दुसरी घेणाऱ्याच्या हातची. पहिलीविषयी संशय आला तर दुसरी साक्षीला उभी राहते. ब्रिटिश अमदानीत आलेली आवक-जावक नोंदवही ही याच शहाणपणाची पुढची पायरी होय. शासकीय सेवेत आमची जी वर्षे गेली, त्यांत आवक क्रमांक नसलेला कागद आणि मागची तारीख यांचे नाते किती जवळचे असते, हे आम्ही पुरेपूर पाहिले आहे.

ही दुसरी तारीख वेळेवर पडली नाही तर काय घडते, याचे एक प्रचंड उदाहरण अमेरिकेतील कंपन्यांच्या अलीकडच्या इतिहासात आहे. त्याचा सुगावा प्रथम पोलिसांना लागला नाही, लेखापरीक्षकांनाही लागला नाही. तो लागला वित्तशास्त्राच्या प्राध्यापकांना, आणि तोही कोणासही पाहता येतील अशा आकड्यांवरून. म्हणूनच ही हकिकत येथे सविस्तर सांगाविशी वाटते.

तेथील मोठ्या कंपन्यांत वरिष्ठ अधिकाऱ्यांना पगाराखेरीज ‘स्टॉक ऑप्शन’ देण्याची पद्धत १९९० नंतर फार वाढली. स्टॉक ऑप्शन म्हणजे कंपनीचा समभाग ठरलेल्या किमतीला, पुढे सामान्यतः दहा वर्षांपर्यंत केव्हाही, विकत घेण्याचा हक्क. ठरलेली किंमत म्हणजे हक्क दिला त्या दिवशीचा बाजारभाव. पुढे भाव चढला तर अधिकाऱ्याचा फायदा, न चढला तर हाती काही नाही. कंपनीची भरभराट झाली तरच मोबदला, असे हे तत्त्व दिसावयास निर्दोष होते. कायद्यानेही त्यास उत्तेजनच दिले. १९७२ च्या लेखाविषयक नियमानुसार, हक्काची किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाइतकी असेल तर कंपनीला हिशेबात एका पैशाचाही खर्च दाखवावा लागत नसे. १९९३ मध्ये करकायद्यात दुरुस्ती झाली व प्रमुख अधिकाऱ्यांच्या १० लाख डॉलरवरील पगाराला करसवलत मिळेनाशी झाली. मात्र अशा ऑप्शनला त्यातून वगळण्यात आले. पगाराला लगाम घालण्यासाठी केलेल्या कायद्याने ऑप्शनचे पीक वाढविले, हा विनोद कायदा करणाऱ्यांच्या ध्यानी आला नसावा.

या साऱ्या रचनेचा भार एका तारखेवर होता. समजा, आज भाव ६० आहे आणि तीन आठवड्यांपूर्वी तो ४० पर्यंत उतरला होता. ठराव आज केला, पण कागदावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख घातली, तर दर समभागामागे २० चा नफा त्याच क्षणी पदरात पडतो. हक्क दहा लाख समभागांचा असेल तर दोन कोटींचा. शिवाय हिशेबात खर्च शून्य आणि कराची सवलत शाबूत! येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाजारभावाहून कमी किमतीने ऑप्शन देणे हा गुन्हा नव्हता. तसे उघड सांगून तो खर्च हिशेबात दाखविला असता तर कोणाची तक्रार नव्हती. गुन्हा होता तो लपविण्यात.

न्यूयॉर्क विद्यापीठाचे डेव्हिड यर्मॅक यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, १९९२ ते १९९४ या काळात मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या प्रमुखांना मिळालेले ६२० ऑप्शन तपासले होते. ऑप्शन मिळाल्यानंतर लगेच भाव चढतो, असे त्यांना दिसले. त्यांनी लावलेला अर्थ असा की, कंपनीची शुभवार्ता बाहेर पडण्याच्या तोंडावर प्रमुख आपले ऑप्शन पदरात पाडून घेत असावेत. इतर अभ्यासकांनी वार्ता मागेपुढे करण्याचे प्रकारही दाखवून दिले. हे सर्व निंद्य खरे, पण तारीख खरी आहे हे या सर्वांनी गृहीत धरले होते.

ते गृहीतच तपासले पाहिजे, हे आयोवा विद्यापीठाचे एरिक ली यांनी दाखविले. हे मूळचे नॉर्वेचे. मे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १९९२ ते २००२ या काळातील ५,९७७ ऑप्शनचा अभ्यास आहे. ऑप्शनच्या तारखेपूर्वी भाव घसरत जातो व तारखेनंतर चढतो, ही गोष्ट त्यांनाही दिसली. पण त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. कंपनीचा भाव राहू द्या, त्या दिवसांत संपूर्ण बाजाराचे काय झाले? उत्तर मिळाले की बाजारही आधी उतरलेला आणि नंतर चढलेला होता. प्रमुखास आपल्या कंपनीची बातमी अगोदर कळते, हे समजण्यासारखे आहे. परंतु हजारो कंपन्यांचा मिळून बनलेला बाजार उद्या वळणार, हे त्याला कोणत्या ज्योतिषाने सांगावे? असे भविष्य अवगत नसेल तर काही तारखा तरी मागाहून निवडलेल्या असल्या पाहिजेत, असा ली यांचा निष्कर्ष होता. संपूर्ण निबंधात त्यांनी एकाही व्यक्तीवर आरोप केलेला नाही. समुदायाविषयी जे ठामपणे म्हणता येते ते व्यक्तीविषयी म्हणता येत नाही, ही मर्यादा त्यांनी पाळली. आम्हांस या संशोधनाचा हा संयम त्याच्या निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो.

पुढचे काम वृत्तपत्राने केले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १८ मार्च २००६ रोजी नावानिशी काही प्रकरणे छापली. एका कंपनीच्या प्रमुखाला १९९५ ते २००२ या काळात मिळालेले सहाही ऑप्शन नेमके भाव चढण्याच्या तोंडावरचे होते. हे निव्वळ दैवाने घडण्याची शक्यता तीस हजार कोटींत एक, असा हिशेब पत्राने मांडला. या लेखमालेस २००७ चे सार्वजनिक सेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोवर शंभराहून अधिक कंपन्यांची चौकशी सुरू झाली होती.

चौकशीत जे निघाले त्यातील एक तपशील जुन्या कचेरीतल्या माणसास विशेष ओळखीचा वाटेल. ॲपल कंपनीने डिसेंबर २००६ मध्ये आपल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. स्टीव्ह जॉब्ज यांना दिलेल्या ७५ लाख समभागांच्या ऑप्शनवर १९ ऑक्टोबर २००१ ही तारीख होती व त्या दिवशी संचालक मंडळाची विशेष सभा झाल्याची नोंद होती. प्रत्यक्षात ठराव १८ डिसेंबरला पक्का झाला होता आणि नोंदलेली सभा मुळी भरलीच नव्हती. न झालेल्या सभेचे इतिवृत्त! कंपनीने ८ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च दाखवून हिशेब दुरुस्त केले. तत्कालीन विद्यमान व्यवस्थापनाकडे गैरवर्तन नसल्याचे चौकशी समितीने म्हटले.

इतरत्र निकाल कडक लागले, पण समान लागले नाहीत. युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख विल्यम मॅग्वायर यांना २००६ मध्ये पद सोडावे लागले व २००७ मध्ये सुमारे ४६ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ब्रोकेड कंपनीचे ग्रेगरी रेयेस २००७ मध्ये दोषी ठरले. २००९ मध्ये सरकारी वकिलांच्या गैरवर्तनामुळे तो निकाल रद्द झाला आणि २०१० मध्ये ते पुन्हा दोषी ठरून त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. कॉमव्हर्सचे कोबी अलेक्झांडर २००६ मध्ये नामिबियात निघून गेले, दहा वर्षांनी परतले, गुन्हा कबूल केला आणि २०१७ मध्ये त्यांना ३० महिन्यांची कैद झाली. ब्रॉडकॉमचा खटला मात्र २००९ मध्ये न्यायाधीशांनीच निकालात काढला, कारण तेथेही सरकार पक्षाचे वर्तन शुद्ध नव्हते. शेकडो नावांपैकी तुरुंगात गेलेले मोजकेच.

यात बुडाले कोणाचे? मिशिगन विद्यापीठातील तीन अभ्यासकांनी काढलेला अंदाज विचार करावयास लावणारा आहे. मागच्या तारखेमुळे एका कंपनीतील अधिकाऱ्यांना मिळू शकणारा लाभ वर्षाला सरासरी पाच लाख डॉलरच्या आसपास होता. प्रकरण उघडकीस आल्यावर भागधारकांचे सरासरी नुकसान झाले सुमारे ४० कोटी डॉलर. हे भागधारक म्हणजे कोणी कुबेर नव्हेत. शिक्षक, कारकून, परिचारिका यांच्या निवृत्तिवेतनाचे निधी याच समभागांत गुंतलेले असतात. निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्यांस हे अधिक सांगणे नलगे. आणखी एका संशोधनातून असे दिसले की, एकच गृहस्थ दोन कंपन्यांच्या संचालक मंडळांवर असला की ही रीत एकीतून दुसरीत पसरण्याचा संभव वाढे.

या रोगावर खरा उतारा पडला तो खटल्यांचा नव्हे. तो त्यापूर्वीच आणि जवळजवळ अभावितपणे पडला होता. एन्रॉन कंपनीच्या दिवाळखोरीनंतर २००२ मध्ये जो कायदा झाला त्यात एक लहानसे कलम होते. पूर्वी अशा ऑप्शनची माहिती कंपनीचे वर्ष संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत दिली तरी चालत असे. २९ ऑगस्ट २००२ पासून ती कामकाजाच्या दोन दिवसांत देणे बंधनकारक झाले. पैवस्तीची मिती आली म्हणा ना! इंडियाना विद्यापीठाचे रँडल हेरॉन आणि एरिक ली यांनी मिळून आधीचे व नंतरचे ऑप्शन ताडून पाहिले. ठरावीक वेळापत्रकाबाहेर, बाजारभावाने दिलेल्या ऑप्शनपैकी २३ टक्क्यांच्या तारखा त्या दिवसापूर्वी संशयास्पद होत्या, नंतर १० टक्क्यांच्या. माहिती एका दिवसात दिली असेल तेथे भावाचा तो चमत्कार नाहीसा झाला होता. जेथे नियम मोडून उशीर झाला, तेथे तो उशिराच्या प्रमाणात वाढत होता. पुढे सर्वच ऑप्शनचा खर्च हिशेबात दाखविण्याचा नियम २००४ मध्ये होऊन आणखी एक मोह कमी झाला.

तरी एक फट राहिली होती. अधिकाऱ्याने समभाग दान केले तर त्याची माहिती पूर्वीप्रमाणे वर्षअखेरनंतर देता येत असे, आणि दानाची करसवलत त्या दिवशीच्या भावाने मिळे. येथे सोयीचा दिवस अर्थातच भाव सर्वाधिक असण्याचा. यर्मॅक यांनीच २००९ मध्ये, कंपनीप्रमुखांनी आपापल्या कौटुंबिक धर्मादाय संस्थांना दिलेल्या दानांच्या तारखा तपासल्या. भाव घसरण्याच्या नेमक्या आधी ही उदारता उफाळून येते, असे त्यांना आढळले व काही तारखा मागाहून घातलेल्या असाव्यात असे दिसले. अमेरिकेच्या रोखे आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलला. २०२३ पासून दानाची माहितीही दोन दिवसांतच द्यावी लागते.