मुनस्यारीला जाताय? मग एका रात्रीचा प्लॅन रद्द करा!

मंडळी, इन्स्टाग्रामवर पाच बर्फाळ सुळक्यांसमोरच्या लाकडी गॅलरीत चहाचा कप धरलेला फोटो तुम्हीही पाहिला असेल. तो बहुतेक वेळा मुनस्यारीचा असतो. उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातलं, गोरीगंगा नदीच्या खोऱ्यावर वसलेलं हे गाव साधारण २,२०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेपाचशे मीटर वर, आणि तिथे बाजारपेठ, शाळा, हॉटेलं सगळं आहे.

समोर दिसणाऱ्या त्या पाच सुळक्यांचं नाव पंचचुली. अर्थ मराठी माणसाला सांगायची गरज नाही: पाच चुली. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक इथे केला, अशी तिथली कथा आहे. यातलं सर्वांत उंच शिखर ६,९०४ मीटरचं. त्यावर १९७३ साली भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या तुकडीने पहिल्यांदा पाऊल ठेवलं.

आता मुद्द्याचं. नैनिताल, कौसानी, मुनस्यारी असा आठवड्याचा कार्यक्रम आखताना बरेच जण मुनस्यारीला एकच रात्र देतात. हिशेब इथेच चुकतो. सर्वांत सोयीचं रेल्वे स्टेशन काठगोदाम. तिथून मुनस्यारी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाटातला हा रस्ता दहा-बारा तास खातो. मुंबई-पुण्याहून दिल्ली, मग काठगोदाम, मग ही जीप, आणि वाटेत बागेश्वर किंवा चौकोडीला मुक्काम. इतकं करून संध्याकाळी पोहोचायचं, सकाळी निघायचं आणि नेमके त्या दिवशी ढग असले तर? पंचचुली तुमच्यासमोर असूनही दिसत नाही. असं होणं अजिबात दुर्मीळ नाही.

त्यात एक गंमत आहे. पंचचुली गावाच्या ईशान्येला आहे. त्यामुळे सकाळी सूर्य साधारण त्याच बाजूने वर येतो आणि शिखरं आधी काळ्या आकृतीसारखी दिसतात. उठून बघण्यासारखंच दृश्य आहे ते, वादच नाही. पण बर्फ सोनेरी, मग केशरी, मग गुलाबी होतानाचे फोटो संध्याकाळचे असतात, कारण तेव्हा मावळतीचं ऊन शिखरांवर समोरून पडतं. अडचण एवढीच की दुपारनंतर ढग जमतात आणि संध्याकाळ हमखास मोकळी मिळेल याची खात्री नसते. म्हणून किमान तीन रात्री ठेवा. त्यातली एक तरी संध्याकाळ हाती लागण्याची शक्यता बरीच वाढते.

कधी जायचं? पावसाळा संपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत हवा सर्वांत स्वच्छ असते. मार्च-एप्रिलमध्ये बुरांसची लाल फुलं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे रस्ते बंद पडतात, तेव्हा नकोच. हिवाळ्यात बर्फ मिळतो, पण काळामुनीचा घाटही बर्फानेच अडतो.

ट्रेकचं म्हणाल तर पहिला मान खलिया टॉपचा. थलच्या रस्त्यावर बलाती बेंडपासून वाट सुरू होते, झाडीतून वर चढत बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणावर, येते. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. सह्याद्रीत दर रविवारी किल्ला करणाऱ्यांना हे किरकोळ वाटतं आणि तिथेच फसगत होते. वर उंची साधारण ३,५०० मीटर असते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. पायांची ताकद इथे उपयोगी पडत नाही. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच निघू नका. एक दिवस गावात फिरा, भरपूर पाणी प्या, दारू टाळा. चढताना डोकं दुखून मळमळायला लागलं तर तिथेच थांबा. त्रास वाढत असेल तर खाली उतरा, ग्रुप काहीही म्हणो.

तो मधला दिवस वाया जात नाही. इतिहासाचे अभ्यासक शेरसिंह पांगती यांनी उभारलेलं छोटं संग्रहालय जरूर बघा. वरच्या जोहार खोऱ्यातले शौका व्यापारी उन्हाळ्यात मिलम, मर्तोली, बुर्फूसारख्या गावांत राहत आणि पाच हजार मीटरहून उंच खिंडी ओलांडून तिबेटात जात. इथून धान्य, गूळ, कापड न्यायचे. तिथून मीठ, लोकर, टाकणखार आणायचे. १९६२च्या युद्धाने हा व्यापार थांबला आणि वरची गावं ओस पडत गेली. आज मिलमच्या वाटेवर छप्पर उडालेली, कोरीव चौकटींची घरं दिसतात ती यामुळे.

याच मिलमचे नैनसिंह रावत. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी ते वेश पालटून ल्हासाला गेले, तेही पावलं मोजत! जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी, आणि प्रार्थनाचक्रात लपवलेल्या नोंदी. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. गावात फिरताना ही गोष्ट माहीत असली की समोरच्या डोंगरवाटा वेगळ्या दिसतात.

मिलम हिमनदीचा ट्रेक मात्र दोन-तीन दिवसांत बसणारा नाही, आठवडा हाताशी हवा. सीमाभाग असल्याने स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, त्यामुळे मूळ ओळखपत्र आणि त्याच्या प्रती बरोबर ठेवा. पुरेशी रोख रक्कमही आधीच काढून घ्या, पुढच्या गावांत एटीएमचा भरवसा धरू नका.

आणि परतताना राजमा घ्या. मुनस्यारीच्या पांढरट राजम्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. लोकरीचे थुलमे आणि दनही सुरेख असतात, पण दन म्हणजे गालिचा, तेव्हा परतीच्या बॅगेत किती जागा उरलीय ते आधी बघा.